विश्लेषण : ‘फास्टर फेणे’ घडवणारे भा. रा. भागवत कोण होते?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मनीषनगरातल्या फ्लॅटमध्ये कूलरसमोर बसलेल्या मुलाच्या हातातला मोबाइल काढून घेतला, तर त्याऐवजी द्यायचे काय? नागपुरातल्या कित्येक आई-बाबांना पहिले नाव आठवते ते ‘फास्टर फेणे’चे. त्याचे जनक भास्कर रामचंद्र भागवत (१९१०-२००१).

मुलांसाठीच का लिहिले?

जन्म इंदूरचा. त्यांनी पत्रकारिता केली, आकाशवाणीत नोकरी केली. मराठी साहित्याच्या पंगतीत बालसाहित्याचे पान तेव्हाही शेवटीच वाढले जाई. तरी भागवतांनी १९५१ मध्ये ‘बालमित्र’ मासिक काढले. मुलांचे मासिक चालवणे म्हणजे आतबट्ट्याचाच व्यवहार. पत्नी लीलावती भागवत याही मुलांसाठी लिहीत.

अद्भुताची वाट कोणती?

फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या. ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. यातले शेवटचे नाव पाहा. धूमकेतू हा पाठ्यपुस्तकातला शब्द, शेंडेनक्षत्र हा आजीच्या तोंडचा. परका चमत्कार घरच्या बोलीत सांगितला की मूल बिचकत नाही, हे भागवतांना नेमके कळले होते.

मग फेणे वेगळा कसा?

व्हर्नचे वीर चंद्रावर गेले. बनेश फेणे आला फुरसुंगीहून, पुण्याच्या विद्याभवन शाळेत. अंगाने काटकुळा, बुडाखाली सायकल आणि जिभेने टाळ्यावर काढलेला ‘टॉक्’ आवाज. जादूची कांडी नाही, भोचकपणा मात्र भरपूर. त्याच्या जोरावर तो प्रतापगडापासून काश्मीरपर्यंत पोचला आणि पुस्तके झाली वीसच्या घरात. आज वाचताना काही खलनायक फारच भोळे वाटतात आणि खिशात मोबाइल असता तर निम्मी रहस्ये एका फोनवर सुटली असती. पण गावाकडचे साधे पोरही गूढ उकलू शकते, हा भरवसा जुना झालेला नाही.

पडद्यावर काय झाले?

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवन फेणे झाला, तर २०१७ च्या चित्रपटात अमेय वाघ. या चित्रपटात फेणे परीक्षेसाठी पुण्यात येतो आणि एका वृद्ध लेखकाकडे उतरतो. दिलीप प्रभावळकरांनी साकारलेल्या त्या घरमालकाचे नाव आहे भा. रा. भागवत.