मेजर रॉबर्ट गिल : अजिंठ्याचे पहिले चित्रलेखक

बऱ्हाणपुराहून दक्षिणेत उतरणारा जुना राजमार्ग तापी ओलांडून खानदेशातून फर्दापूरला पोहोचे, तेथे घाट चढून अजिंठा गावी येई आणि पुढे औरंगाबादेची वाट धरी. बादशहांच्या स्वाऱ्या, व्यापाऱ्यांचे तांडे आणि इराणातून नशीब काढण्यासाठी आलेले शायर याच मार्गाने ये-जा करीत. परदेशातून येऊन येथे कलेच्या आश्रयाने स्थिरावलेला माणूस बऱ्हाणपूरला नवा नाही. खानखाना अब्दुर्रहीम यांच्या पदरी असलेल्या अब्दुल बाकी नहावंदी या इराणी ग्रंथकाराने आपला 'मआसिरे रहीमी' हा ग्रंथ १६१६ साली पूर्ण केला, तो याच परंपरेतला. मात्र या मार्गावर घाटमाथ्याच्या अजिंठा गावी जो परदेशी चित्रकार आला आणि आयुष्याची पस्तीस वर्षे जेथल्या तेथे राहिला, त्याला पाठीशी कोणी खानखाना नव्हता. होती ती एका व्यापारी कंपनीची चाकरी. मेजर रॉबर्ट गिल हे त्यांचे नाव.

अजिंठ्याची लेणी इंग्रजांच्या दृष्टीस पडली ती १८१९ च्या एप्रिलमध्ये. त्याच महिन्यात बऱ्हाणपूरशेजारचा असीरगड इंग्रजांनी वेढा देऊन घेतला होता. मराठ्यांशी चाललेले अखेरचे युद्ध संपत आले होते आणि मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी वाघोरा नदीच्या दरीत शिरला असता त्याला लेण्यांचे तोंड दिसले. दहाव्या लेण्याच्या खांबावर आपले नाव व तारीख कोरून ठेवण्याचा मोह त्याला आवरला नाही. पुढील वीस-पंचवीस वर्षे जो कोणी साहेब तेथे गेला, त्याने लेण्यांची वाखाणणी केली आणि त्यांची थोडीबहुत नासाडीही केली. भिंतीवरील चित्रांचे तुकडे खरवडून नेण्याचे प्रकार झाले, आणि नेता नेता त्या तुकड्यांची माती झाली.

ही चित्रे दगडावर नाहीत, दगडावर दिलेल्या मातीच्या गिलाव्यावर आहेत. मातीत भुसा व तंतू मिसळून तो थर लिंपावयाचा, त्यावर पातळ पांढरा हात द्यावयाचा आणि तो सुकल्यावर रंग भरावयाचे, अशी ती रीत. बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातील हमामखान्याच्या छतावरची रंगीत नक्षी ज्यांनी मान वर करून पाहिली आहे, त्यांना ओल आणि काळ मिळून रंगाची काय अवस्था करतात हे निराळे सांगावयास नको. अजिंठ्याच्या गिलाव्याचे वय त्याच्या तिपटीहून अधिक. त्यात वटवाघळे, पाखरांची घरटी आणि मुक्कामी राहणाऱ्यांच्या चुलींचा धूर यांची भर पडलेली.

नीळ आणि व्यापार यांत पैसा मिळवून वास्तुशास्त्राकडे वळलेले जेम्स फर्ग्युसन यांनी ही लेणी पाहिली होती. १८४३ साली त्यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे हिंदुस्थानातील लेण्यांवर निबंध वाचला आणि ही चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या नकला करून घ्याव्यात अशी विनंती पुढे आली. कंपनीच्या संचालकांनी ती मानली. मद्रास सरकारला हुकूम सुटला, आणि १८४४ साली त्या कामी कॅप्टन रॉबर्ट गिल यांची नेमणूक झाली.

गिल यांचा जन्म १८०४ चा, लंडनमधला. तरुण वयात ते मद्रास सैन्यात दाखल झाले आणि देशी पायदळाच्या ४४ व्या पलटणीत अधिकारी झाले. चित्रकला हा त्यांचा छंद. त्या काळच्या पुष्कळ लष्करी अधिकाऱ्यांना रेखाटन येत असे, कारण किल्ल्याचा, घाटाचा वा नदीच्या उताराचा नकाशा काढणे हा नोकरीचाच भाग होता. गिल यांचा हात त्याहून बराच पुढे गेलेला असावा, एरवी ही निवड झाली नसती. तरीही हे ध्यानात घेतले पाहिजे की इंग्लंडात राहिले असते तर त्यांना कोणी चित्रकार म्हटले नसते. चाळिसाव्या वर्षी परक्या मुलखात, एका सरकारी हुकुमाने त्यांना हा पेशा मिळाला. छंदाचे रूपांतर चाकरीत झाले. या गोष्टीचे सुख किती आणि जाच किती, याचा हिशेब त्यांच्या उरलेल्या आयुष्याने मांडला.

अजिंठा गाव तेव्हा निजामाच्या राज्यात होते. चाळीस वर्षांपूर्वी असईच्या लढाईतील जखमी सैनिकांचे इस्पितळ वेलस्लीने याच गावी ठेवले होते, त्यामुळे इंग्रज पाहणे गावाला नवे नव्हते. पण बिऱ्हाड करून राहणारा इंग्रज नवा होता. गावातील मोगलकालीन बारादरीत गिल राहू लागले. तेथून घाट उतरून दरीत जावयाचे, दिवस सरेपर्यंत काम करावयाचे आणि परतावयाचे. जंगल वाघांचे होते. गिल स्वतः नामांकित शिकारी होते, आणि त्यांच्या बंदुकीच्या गोष्टी त्या भागात त्यांच्या कुंचल्यापेक्षा अधिक काळ सांगितल्या गेल्या.

कामाचे स्वरूप मात्र शिकारीहून कठीण होते. पहिले, दुसरे, सोळावे आणि सतरावे ही मुख्य चित्रलेणी खोल आहेत, आणि दाराशी असलेला उजेड आतल्या भिंतीपर्यंत पोहोचता पोहोचता मावळतो. मोठाल्या कॅनव्हासवर तैलरंगात, मूळ आकाराशी मिळत्या नकला करावयाच्या होत्या. कापड आणि रंग या बाबतीत सारी भिस्त दूरच्या पुरवठ्यावर. पण खरी अडचण डोळ्याची होती. ज्या युरोपीय पद्धतीत गिल यांचा हात तयार झाला होता, तिच्यात प्रकाश एका बाजूने येतो, सावली दुसरीकडे पडते आणि त्या छायाप्रकाशातून आकृतीला गोलाई येते. अजिंठ्याच्या चित्रकाराला अशा एका दिव्याची गरज नाही. तो प्रथम तांबड्या गेरूने रेषा टाकतो, तीत रंग भरतो आणि शेवटी पुन्हा रेषेनेच आकृती पक्की करतो. हाताच्या एका वळणात, पापणीच्या एका झुकावात त्याचे सारे बोलणे असते. ही भाषा शिकल्यावाचून तिची नक्कल होत नाही. शिवाय मूळ रंग कोरडे, निस्तेज पृष्ठाचे, आणि तैलरंगाला अंगचीच चकाकी. तेव्हा गिल यांच्या नकला मुळाबरहुकूम होत्या असे कोणी म्हणेल तर ते भाबडेपणाचे ठरेल. पण हेही खरे की त्यांच्याआधी या भिंतींसमोर इतका काळ कोणीही बसले नव्हते, आणि त्यांनी पाहिलेले पुष्कळसे पुढच्यांना पाहावयास मिळाले नाही.

वर्षामागून वर्षे गेली. चित्रे गुंडाळून लंडनला रवाना होत राहिली. सुमारे तीस मोठी चित्रे तयार झाली. दरम्यान गिल लष्करातून निवृत्त झाले, मेजर झाले, पण मायदेशी परतले नाहीत. पत्नी फ्रान्सेस आणि मुले यांचा संसार त्यांच्या वाट्याला फारसा आला नाही. १८४३ साली बंगळूरला जन्मलेला त्यांचा मुलगा विल्यम इंग्लंडात ब्रायटनला शिकला आणि पुढे चीन-तिबेटच्या सीमाभागातील धाडसी प्रवासांमुळे मोठ्या नावाला चढला. इंग्लंडात बऱ्याच काळपर्यंत गिल म्हटले की लोकांना तो प्रवासी मुलगाच आठवे.

अजिंठ्यात मात्र गिल या नावाला पारो हे नाव जोडलेले आहे. त्या परिसरातील या तरुणीची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ना. धों. महानोर यांच्या 'अजिंठा' या दीर्घकाव्याने ती १९८४ साली मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचवली आणि २०१२ साली नितीन चंद्रकांत देसाई यांनी तिच्यावर चित्रपट काढला. काव्याला जे शोभते ते चरित्राला शोभतेच असे नाही. पारोबद्दल खात्रीने सांगता येते ते अजिंठा गावातील तिच्या थडग्यावरील शिळेने सांगितलेले : ती २३ मे १८५६ रोजी वारली, आणि गिल यांना ती प्रिय होती. एका इंग्रज अधिकाऱ्याने गावातल्या स्त्रीसाठी असा लेख उघडपणे कोरून घ्यावा, एवढ्यात पुष्कळ काही आले. तिला चित्रांची प्रेरणा ठरवण्याची गरज नाही. ती बारादरीतल्या घरात होती आणि त्या उन्हाळ्यात ती नाहीशी झाली.

याच सुमारास गिल यांच्या हाती कॅमेरा आला. वयाची पन्नाशी उलटलेली. त्या काळचे छायाचित्रण म्हणजे काचेवर रसायनाचा थर द्यावयाचा, तो ओला असतानाच चित्र घ्यावयाचे आणि सुकण्यापूर्वी तेथेच धुवावयाचे. खानदेशच्या उन्हात हे किती जिकिरीचे असेल याची कल्पना करावी. गिल यांनी बहुधा जोडचित्रे घेतली. दोन डोळ्यांच्या अंतराने घेतलेली दोन छायाचित्रे विशिष्ट भिंगातून पाहिली की लेण्याची खोली डोळ्यांपुढे उभी राहते. अजिंठा, वेरूळ, लोणार अशी कितीतरी स्थळे त्यांनी टिपली. १८६४ साली फर्ग्युसन यांच्या विवेचनासह त्यांची दोन पुस्तके लंडनमध्ये निघाली. एकात लेण्यांची ७४ छायाचित्रे होती, तर दुसऱ्यात पश्चिम हिंदुस्थानातील वास्तू व वन्यप्राणी यांची १०० जोडचित्रे. गिल यांचे स्वतःच्या नावाने छापले गेलेले मोठे काम ते हेच. आणि ते रंगांचे नव्हते. यंत्र रेषा देई, खोली देई, पण त्या भिंतींचा हिरवा, तांबडा आणि निळा त्याच्या आवाक्याबाहेर होता. त्यामुळे छायाचित्रकार गिल यांनी चित्रकार गिल यांना निरुपयोगी ठरवले नाही.

लंडनला गेलेल्या बहुतेक चित्रांना सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये जागा मिळाली होती. काच आणि लोखंड यांचा तो विशाल प्रासाद म्हणजे त्या युगाच्या वैभवाचे प्रदर्शनच. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्याच्या उत्तर भागाला आग लागली. तेथील हिंदुस्थानी दालन जळाले आणि गिल यांची जवळजवळ सर्व चित्रे त्यात गेली. प्रदर्शनात न ठेवलेली चार-पाच तेवढी वाचली. वीस वर्षांची मजुरी एका दिवसात राख झाली. मूळ चित्रे मातीच्या भिंतीवर, गळत्या डोंगरात, वटवाघळांच्या संगतीत दीड हजार वर्षे तगली. नकला जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरात, खास जपण्यासाठी नेलेल्या, वीस वर्षेही टिकल्या नाहीत.

ही बातमी पोहोचली तेव्हा गिल बासष्ट वर्षांचे होते. परतण्यास याहून सबळ कारण मिळाले नसते. ते राहिले. कॅमेरा चालू होता, लेण्यांत जाणेयेणे चालू होते, आणि चित्रेही पुन्हा काढावयास त्यांनी घेतली. परंतु जळालेल्या मालिकेची भरपाई एका म्हाताऱ्या हाताने होण्यासारखी नव्हती, आणि मुंबई सरकारने १८७२ साली ते काम जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे दिले. वेल्समध्ये जन्मून मुंबईत स्थिर झालेले ग्रिफिथ्स शिक्षित चित्रकार होते, त्यांच्या मागे संस्था होती आणि हाताशी तयार विद्यार्थ्यांचे पथक. गिल यांच्याजवळ यांतले काहीच नव्हते. एकट्याने उभे केलेले काम आणि संस्थेने उभे केलेले काम यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते. ग्रिफिथ्स यांच्या मंडळींनी तीनशेच्या आसपास चित्रे केली. दैवगती अशी की त्यांतील शंभरावर चित्रे १८८५ साली लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत सापडली.

तोवर गिल हयात नव्हते. १८७९ च्या एप्रिलमध्ये ते अजिंठ्यास गंभीर आजारी पडले. १८७० पासून मुंबई-जबलपूर लोहमार्ग भुसावळ आणि बऱ्हाणपूरवरून अखंड सुरू झाला होता, आणि उपचार मिळण्यासारखे जवळचे ठिकाण भुसावळ हेच. भर उन्हाळ्यात त्यांना तिकडे नेत असता १० एप्रिल रोजी त्यांचे निधन झाले. भुसावळच्या युरोपियन दफनभूमीत त्यांना पुरले. पारोचे थडगे अजिंठ्यात आणि त्यांचे भुसावळात. मध्ये तो एक घाट आणि खानदेशचे मैदान.

जळालेल्या चित्रांपैकी काहींचा माग मात्र राहिला आहे. आगीपूर्वी, १८५६ साली, श्रीमती स्पीअर यांचा प्राचीन भारतीय जीवनावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यासाठी जॉर्ज शार्फ यांनी गिल यांच्या चित्रांवरून लहान लहान रेखाकृती तयार करून दिल्या होत्या. आज त्या पानांवर रंग नाही, आकार हाताच्या पंजाएवढा, पण अजिंठ्याच्या भिंतीवरून पुढे झडून गेलेला एखादा चेहरा तेथे दिसतो. वाचलेले मोजके कॅनव्हास लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.