साडी नेसलेली मरियामाता

विरारहून आगाशी, नंदाखाल करत पापडीपर्यंत कुठल्याही जुन्या चर्चमध्ये डोकावा. बाकावर एखादी लाल लुगड्यातली आजी अजूनही दिसते. समोरची मरियामाता मात्र गोरीपान, पायघोळ झग्यातली, जणू कालच लिस्बनहून गलबतातून उतरलेली. पोर्तुगीज वसईतून १७३९ साली गेले, तिचा झगा मागे राहिला.

हे एका गोवेकराला फार खटकले. आंजेलो दा फोन्सेका यांचा जन्म १९०२ चा, सांत इस्तेव्ह बेटावरचा. घरच्यांना डॉक्टर हवा होता, म्हणून मुंबईत वैद्यकीला गेले आणि सोडून आले. मग जे. जे. कलाशाळा. तिथले विलायती वळणही मानवेना, तेव्हा थेट बंगाल गाठून अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांचे शिष्य झाले.

गोव्यात परतल्यावर त्यांनी सावळी, साडी नेसलेली मरियामाता रंगवली. पोर्तुगीज अमलातल्या धर्ममार्तंडांना हा देवमातेचा अपमान वाटला. माणूस स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. त्याच्या मनाला काय यातना झाल्या असतील! गोवा सुटला. आसरा मिळाला तो पुण्यात, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात, आणि तोही अँग्लिकन पंथीयांचा. मुंबईत झेवियर्सचे इतिहासकार फादर हेरास पाठीशी उभे राहिले. ते जन्माने स्पॅनिश, पण भारतीय शैलीतल्या ख्रिस्ती चित्रांची कळकळ त्यांना आपल्यातल्या अनेकांहून जास्त!

१९५१ साली आयव्हीबाईंशी लग्न झाले. त्यानंतरच्या मरियेत पत्नीच्या चेहऱ्याची छटा दिसते, असे जाणकार म्हणतात. कुठलीही एकच कलाशैली चर्चची नव्हे, हे व्हॅटिकनच्या परिषदेने १९६३ साली मान्य केले. चार वर्षांनी, १९६७ च्या डिसेंबरात, फोन्सेका पुण्यात वारले.

मागे उरली शेकडो चित्रे, बहुतेक कागदावरची, जलरंगातली. बँकेतल्या नोकरीत मी तारण ठेवलेले सोने जपले आहे. त्याला कुलूप पुरते. कागदाचे वैरी वेगळे: दमट हवा, बुरशी, वाळवी, ऊन आणि घरातली अडचण. शिवाय चित्रांना गिऱ्हाईक भेटले की विकण्याचा मोह असतोच. आयव्हीबाईंनी हा ठेवा वर्षानुवर्षे एकत्र सांभाळला आणि अखेर गोव्यात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राच्या हवाली केला. गोव्याला गेलात तर समुद्रावरून थोडी सवड काढा, आधी चौकशी करा आणि ती सावळी मरिया पाहून या.