दंडावरच्या पट्ट्याचा जनक : शिपिओने रिव्हा-रोची

रक्तदान शिबिरात दात्याच्या शिरेत सुई टोचण्यापूर्वी त्याचे वजन, तापमान, नाडी, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासले जाते. भारतात २०२० मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार दात्याचा वरचा रक्तदाब १०० ते १४०, खालचा ६० ते ९०, नाडी मिनिटाला ६० ते १०० आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम असावे लागते. साडेतीनशे ते साडेचारशे मिलिलिटर रक्त दिल्यानंतर काही दात्यांची नाडी अचानक मंदावते, दाब घसरतो आणि भोवळ येते. दाता हा रुग्ण नव्हे. धडधाकट माणूस दुसऱ्यासाठी रक्त देतो, तेव्हा त्याला अपाय होऊ न देण्याची जबाबदारी रक्तपेढीची असते. ती पार पाडण्यास मदत करणारा दंडावरचा पट्टा शिपिओने रिव्हा-रोची या इटालियन डॉक्टरांची देणगी आहे.

त्यांच्यापूर्वी रक्तदाब मोजायचा, तर धमनी उघडावी लागे. इंग्लंडमधील धर्मोपदेशक आणि संशोधक स्टीफन हेल्स यांनी एका घोडीच्या धमनीत नळी बसवली, तेव्हा जोडलेल्या काचेच्या नळीत रक्त आठ फुटांहून अधिक उंच चढले. हा प्रयोग १७३३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १८२८ मध्ये फ्रान्सच्या प्वाझय यांनी उंच नळीऐवजी पारा वापरला. माणसाच्या धमनीतला दाब १८५६ मध्ये मोजला गेला, तोही शस्त्रक्रियेच्या वेळी. त्वचेला धक्का न लावता मोजमाप करण्याचे प्रयत्न जर्मनीत फिअरॉर्ट यांनी, तर व्हिएन्नात फॉन बाश यांनी केले. मात्र मनगटाच्या नाडीवर दाब देणारी ती उपकरणे वापरण्यास अवघड होती आणि त्यांचे आकडेही भरवशाचे नव्हते.

रिव्हा-रोची यांचा जन्म ७ ऑगस्ट १८६३ रोजी उत्तर इटलीतील पिडमाँट प्रांतातल्या अल्मेझे या गावी झाला. १८८८ मध्ये तोरिनो विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर ते कार्लो फोर्लानिनी यांचे साहाय्यक झाले. क्षयरोग्याच्या छातीच्या पोकळीत हवा भरून आजारी फुप्फुसाला विश्रांती देण्याची उपचारपद्धती फोर्लानिनी यांनी रूढ केली होती. अशा गुरूच्या हाताखाली काम करताना शरीरातील दाब आणि त्याचे मोजमाप हा रिव्हा-रोची यांच्या अभ्यासाचा विषय बनला.

डिसेंबर १८९६ मध्ये तोरिनोच्या एका वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आपल्या नव्या रक्तदाबमापकाचे वर्णन प्रसिद्ध केले. सायकलची रबरी ट्यूब, शाईची दौत, तांब्याची नळी आणि पारा अशा साध्या वस्तूंतून ते उपकरण साकारले होते. दंडाभोवती रबरी पट्टा गुंडाळायचा, फुगा दाबून त्यात हवा भरायची आणि मनगटाची नाडी बोटांखाली लुप्त होताच पाऱ्याची उंची वाचायची, इतकी सोपी ही रीत होती. मनगटाऐवजी दंड निवडण्यात त्यांची दूरदृष्टी दिसते. दंडातली मोठी धमनी हृदयाच्या जवळची आहे आणि पट्टा तिच्यावर सर्व बाजूंनी सारखा दाब देतो. डॉक्टरांच्या उपस्थितीने किंवा मनाच्या अस्वस्थतेने दाब वाढतो, हेही त्यांनी त्याच काळात नोंदवले होते. सुई पाहून धास्तावलेल्या दात्याला थोडा वेळ बसवून पुन्हा दाब मोजण्यामागचे कारण हेच आहे.

१९०१ मध्ये अमेरिकी शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग पाव्हिया शहरातील रुग्णालयात आले. तेथे प्रत्येक रुग्णाच्या खाटेजवळ हे उपकरण वापरले जात असलेले पाहून ते प्रभावित झाले. त्याचे रेखाटन आणि एक नमुना घेऊन ते बाल्टिमोरला परतले आणि शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचा दाब नोंदवण्याचा आग्रह त्यांनी धरला. मात्र सर्वांनाच तो पटला नाही. अनुभवी बोटांना नाडीवरून जे कळते ते यंत्राला काय कळणार, असा तेव्हाच्या अनेक डॉक्टरांचा समज होता. बोस्टनमध्ये हार्वर्डच्या शल्यचिकित्सकांनीही या मोजमापाची तूर्त गरज नसल्याचा निष्कर्ष काढला होता. कालांतराने आकड्यांनी हा वाद मिटवला.

मूळ उपकरणात दोन उणिवा होत्या. जेमतेम पाच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यामुळे आकडा जास्त येई. १९०१ मध्ये फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी रुंद पट्टा सुचवून तो दोष दूर केला. शिवाय त्यावर केवळ वरचा दाब कळे. १९०५ मध्ये रशियाचे निकोलाय कोरोत्कॉफ यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून धमनीतील आवाज ऐकले आणि खालचा दाबही मोजता येऊ लागला.

रिव्हा-रोची १९०० मध्ये व्हारेझे येथील रुग्णालयाचे प्रमुख झाले. तेथे त्यांनी १९२८ पर्यंत सेवा केली. पाव्हियाला बालरोगशास्त्रही शिकवले. जगभर पोचलेल्या या शोधातून संपत्ती मिळवण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. आजारपणात अखेरची वर्षे काढून १५ मार्च १९३७ रोजी रापाल्लो येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी दाखवलेल्या वाटेवरचे काम अजून संपलेले नाही. १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी शरीरातून आरपार जाणाऱ्या प्रकाशावरून रक्तातील ऑक्सिजन ओळखण्याचे तत्त्व मांडले. त्याच धर्तीवर हिमोग्लोबिन सांगणारी उपकरणेही आली असून रक्तदात्यांवर त्यांच्या चाचण्या झाल्या आहेत. तरीही अचूकतेच्या कसोटीवर बोटातून काढलेला रक्ताचा थेंब अद्याप त्यांच्यापेक्षा सरस ठरतो. त्यामुळे दात्याला हिमोग्लोबिनसाठी टोचून घ्यावे लागते, रक्तदाबासाठी मात्र नाही.

पारा आरोग्यास घातक असल्याने जगभरातील रुग्णालयांतून त्याची उपकरणे हद्दपार होत आहेत. त्यांच्या जागी आलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांतही दंडावर हवेचा पट्टा आवळण्याची युक्ती रिव्हा-रोची यांचीच आहे. जर्मनी आणि नेदरलँड्समधील डॉक्टर आजही रक्तदाबाच्या आकड्यापुढे 'आर आर' अशी दोन अक्षरे लिहितात. ती त्यांच्या जोडनावाची आद्याक्षरे होत.