सुटीचा दिवस मागणारे लोखंडे

आपल्या जिल्ह्यातील मालेगावात जुम्याच्या दिवशी यंत्रमाग थांबतात. एरवी गल्लोगल्ली चाललेला खडखडाट बंद पडला की शहर निराळेच भासू लागते. आठवड्यातून एक दिवस कष्टकऱ्याचा स्वतःचा असावा, ही गोष्ट आज इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यासाठी कोणाला झगडावे लागले असेल, असे मनातही येत नाही. मुंबईच्या गिरण्यांत तो दिवस पदरात पडण्यास मागणी केल्यापासून जवळजवळ सहा वर्षे लागली. ती मागणी ज्यांनी लावून धरली ते गृहस्थ म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे.

त्यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात, एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. शिक्षण बेताचे. प्रारंभी त्यांनी रेल्वेच्या टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मांडवीच्या एका कापडगिरणीत ते स्टोअरकीपर झाले. ही नोकरी मला फार महत्त्वाची वाटते. गिरणीत काय येते आणि किती येते, हे स्टोअरकीपरला ठाऊक असते. आणि दारातून सकाळी आत गेलेला माणूस संध्याकाळी कोणत्या अवस्थेत बाहेर पडतो, हेही त्याच्या दृष्टीआड राहत नाही. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधू’ हे पत्र १८८० पासून त्यांनी मुंबईहून चालविले आणि अखेरपर्यंत सोडले नाही.

त्या काळी गिरणीचा दिवस सूर्य ठरवीत असे. पहाट फुटली की यंत्र सुरू आणि अंधार पडला की बंद. त्यामुळे उन्हाळ्यात दिवस लांबला की काम आपोआप लांबे. एकेका यंत्रावर घरातल्या चरख्याच्या कितीतरी पट सूत निघत होते, पण यंत्राने वाचविलेला वेळ कामगाराच्या वाट्याला येत नव्हता. पगार महिना उलटून गेल्यावरही हाती पडत नसे. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामास मनाई केली, बारापर्यंतच्या मुलांचे तास नऊवर आणले. प्रौढ स्त्री-पुरुषांचा मात्र त्यात विचारच नव्हता.

सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार झाले. दर रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन व कायमचा जायबंदी झाल्यास निर्वाहाची तरतूद, अशा त्या मागण्या होत्या. पगारवाढीचा त्यात उल्लेख नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. लोखंड्यांनी वाटा मागितला तो आधी वेळेच्या रूपाने, आणि कमावलेली मजुरी वेळेवर मिळण्याच्या रूपाने. मजुराची मजुरी रखडविणे किती गंभीर आहे, हे पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या शिकवणुकीमुळे आपल्या घरांतील मुलेही जाणतात. तरीही ती रखडविणाऱ्यांत आपलेही लोक असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही.

विरोध केवळ मालकांचा नव्हता. कामगारांच्या बाजूने कायदा मागणे म्हणजे मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांचे काम करणे, असे अनेक देशभक्त पुढारीही मानीत. या शंकेला आधार होता, कारण लँकशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईची स्पर्धा खुपतच होती. पण शत्रूला एखादी गोष्ट हवी आहे म्हणून ती अन्याय्य ठरत नाही. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारखे मोजके लोक सोडले तर या भूमिकेला प्रतिष्ठितांत पाठीराखे नव्हते. कामगारांना सवलती दिल्या तर धंदा बुडेल, हे म्हणणेही तपासून पाहता येण्याजोगे होते. नागपुरात जमशेदजी टाटांच्या एम्प्रेस मिलने नव्या रिंग चात्या आणून उत्पादन वाढविले आणि १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधीही काढला. ती गिरणी काही बुडाली नाही.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीजवळ सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. लोखंड्यांच्या ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ला ना सभासदांची यादी होती, ना निधी, ना नियमावली, अशा दुबळ्या संस्थेने एवढे पदरात पाडून घेतले, याचे नवल वाटते.

तीनच वर्षांनी, ११ ऑगस्ट १८९३ च्या शुक्रवारी, मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली आणि गिरणगावही तिच्यात ओढले गेले. एका खात्यात काम करणारी माणसे परस्परांवर उठली. लोखंडे सलोख्यासाठी वस्त्यावस्त्यांत फिरले आणि राणीच्या बागेत त्यांनी दोन्ही समाजांचा मोठा मेळावा भरविला. त्यानंतर सरकारने त्यांना रावबहादूर केले.

त्यांच्या यशाला मर्यादा होती. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुटी आणि दुपारची विश्रांती देशभर लागू केली, स्त्रियांचे तास अकरावर आणले. पुरुषांच्या तासांना मात्र मर्यादा घातली नाही. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले, सूर्यास्ताचीही अट उरली नाही, आणि यंत्र जितके सुधारले तितका दिवस लांबला. कापडगिरण्यांत पुरुषांसाठी बारा तासांची सीमा आली ती १९११ च्या कायद्याने.

एका मागाऐवजी दोन, दोनांऐवजी चार माग एकाच माणसाच्या हाती द्यावेत आणि त्याच वेळी कापडामागचा दर उतरवावा, असे झाले तर वाढलेल्या कापडाचा लाभ कोणाकडे गेला, असे जुम्यानंतर मला एका कारागिराने विचारले होते. त्याला मी लोखंड्यांची हीच हकिगत सांगितली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ज्याला शक्य होते तो शहर सोडून गेला. लोखंडे राहिले, रुग्णांसाठी इस्पितळ उभारून त्यांची शुश्रूषा करू लागले आणि त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी वारले. वय पन्नाशीच्याही आत होते.