जंतूंना मारणारा, मग शरीरात विरघळणारा धागा: जोसेफ लिस्टर यांची गोष्ट

ऑपरेशननंतर डॉक्टर सहज सांगतात, टाके आपोआप विरघळतील. पण दीडशे वर्षांपूर्वी शरीरात राहिलेला साधा दोराही जीवावर बेतायचा. हे चित्र बदलणाऱ्यांमध्ये मोठं नाव आहे जोसेफ लिस्टर यांचं.

लिस्टर यांचा जन्म १८२७ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्समध्ये झाला. वडिलांनी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांमध्ये मोठी सुधारणा केली होती. १८६० मध्ये लिस्टर ग्लासगोत सर्जरीचे प्राध्यापक झाले. तिथे ऑपरेशन नीट व्हायचं, पण नंतर जखम सडून पेशंट दगावायचा. १८६४ आणि १८६६ या दोन वर्षांत हात किंवा पाय कापाव्या लागलेल्या ३५ पेशंटपैकी १६ जण गेले.

लुई पाश्चर यांचं संशोधन वाचून लिस्टर यांना कारण उमगलं: जंतू. ऑगस्ट १८६५ मध्ये गाडीच्या चाकाखाली पाय मोडलेला ११ वर्षांचा मुलगा आला. उघडी जखम, म्हणजे बहुतेकदा पाय कापायचा. लिस्टर यांनी कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेलं कापड बांधलं. सहा आठवड्यांत हाड जुळलं. १८६७ ते १८६९ या काळात ४० पेशंटपैकी ६ दगावले.

तरी एक वाट उघडीच होती. रक्तवाहिनी रेशमी दोऱ्याने बांधायचे आणि त्याची टोकं जखमेबाहेर लोंबत ठेवायचे. मग धागाच जंतुनाशक केला तर?

लिस्टर यांनी कॅटगट निवडला. नावात कॅट असलं तरी मांजराशी त्याचा संबंध नाही. तो मेंढीच्या आतड्यापासून बनतो. त्यातलं कोलॅजेन हे नैसर्गिक पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ. कार्बोलिकमध्ये मुरवलेल्या या धाग्याने त्यांनी वासराच्या मानेतली रक्तवाहिनी बांधली आणि जखम शिवून टाकली. महिन्याभराने पाहिलं तर पू नव्हता आणि धाग्याच्या जागी नवी ऊती तयार झाली होती. १८६९ मध्ये हे लॅन्सेटमध्ये छापून आलं.

अडचणीही होत्या. कार्बोलिकने कातडी जळायची, धागा लवकर विरघळायचा. मग लिस्टर यांनी क्रोमिक ॲसिड वापरून तो जास्त टिकाऊ केला.

१९१२ मध्ये लिस्टर यांचं निधन झालं. आज टाक्यांच्या काही कृत्रिम धाग्यांवर ट्रायक्लोसानचा थर असतो, कृत्रिम सांधा बसवताना लागणाऱ्या बोन सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळतात, तर जखमेच्या पट्ट्यांमध्ये चांदी वापरतात. पण असा प्रत्येक नवा पदार्थ बनवताना लिस्टर यांच्यापुढचाच प्रश्न असतो: जंतू मरावेत, पण पेशंटच्या पेशींना इजा होऊ नये.