दगड राहिला, मल्ल गेला

बडोद्याच्या सयाजीबागेतील संग्रहालयात एक दगड जतन करून ठेवला आहे. सुमारे १,२०० किलोंचा हा दगड २३ डिसेंबर १९०२ रोजी गामा पहिलवानाने उचलला, असे त्यावरील लेख सांगतो. मल्लांच्या घराण्यात जन्मलेला गुलाम महंमद ऊर्फ गामा संस्थानिकांच्या आश्रयावर वाढला. १९१० साली लंडनला गेला, तेव्हा ठेंगणा म्हणून त्याला प्रथम स्पर्धेत घेतलेच नाही. पुढे तेथेच पोलंडच्या झ्बिस्कोशी त्याची कुस्ती अडीच तास चालूनही अनिर्णित राहिली. आठवड्याने ठरलेल्या फेरकुस्तीस झ्बिस्को फिरकलाच नाही. १९२८ साली पतियाळ्यात मात्र गामाने त्याला मिनिटभरातच चीत केले. पुढे संस्थाने गेली, त्यांच्याबरोबर आश्रयही गेला. लाहोरात आजारपण व विपन्नावस्था सोसून १९६० साली हा अजिंक्य मल्ल निवर्तला. दगडाचे जतन सोपे असते. त्याला भूक नाही, वार्धक्य नाही. राजांची जागा आता लोकांच्या सरकारने घेतली आहे. विजयाच्या दिवशी खेळाडूचा जयजयकार करणाऱ्यांनी त्याच्या उतारवयाची तरतूदही आपलेच कर्तव्य मानावे, असे आम्हांस वाटते.