समुद्रतळाची मालकी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर

नागपूर जिल्ह्यातील खापा परिसरात मँगेनीजची खाण आहे. तेथील खनिजाचे स्वामित्वधन राज्याला मिळते. मुंबईलगतच्या समुद्रातून निघणाऱ्या तेलाचे स्वामित्वधन मात्र केंद्राकडे जाते. हा भेद समजून घेण्यासाठी आपल्याला डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या कार्याकडे वळावे लागते.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. केंद्र आणि प्रांत यांचे परस्परसंबंध हा त्यांच्या चिंतनाचा जुना विषय होता. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेचे काम पाहिले. बिहार आणि बंगाल या दोन प्रांतांना एकत्र आणल्याशिवाय ती योजना शक्य नव्हती.

ऑगस्ट १९४७ मध्ये ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतचा समुद्रतळ राज्याच्या मालकीचा नसल्याचा निर्णय दिला. १९५० मध्ये टेक्सास व लुइझियाना यांच्याही विरोधात निकाल लागले. अखेर १९५३ मध्ये कायदा करून किनाऱ्यालगतचा पट्टा राज्यांना देण्यात आला.

भारतात कच्छ, त्रावणकोर यांसारख्या संस्थानांना समुद्रकिनारा होता. संघराज्यात सामील होताना अशी संस्थाने सागरी जलक्षेत्रावर हक्क सांगतील, ही शक्यता बाबासाहेबांनी ओळखली. १९४८ च्या मसुद्यात याविषयी तरतूद नव्हती. म्हणून जून १९४९ मध्ये त्यांनी नवा अनुच्छेद मांडला. तोच आजचा अनुच्छेद २९७ होय. त्यानुसार प्रादेशिक जलक्षेत्राखालील भूमी व खनिजे संघराज्याकडे निहित झाली. या जलक्षेत्रातील मासेमारी मात्र राज्यांच्या सूचीत राहिली.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. मुंबई हाय येथे तेल सापडले ते १९७४ मध्ये. वाद उद्भवण्यापूर्वीच त्यांनी त्याचे उत्तर संविधानात नोंदवून ठेवले होते.

तथापि, येथे एक प्रश्न उरतो. किनाऱ्याचा भार किनारी राज्य वाहते; मग समुद्रातील संपत्तीत त्याला अधिक वाटा असावा काय? की समुद्रापासून दूर असलेल्या राज्यातील नागरिकाचाही तिच्यावर तितकाच हक्क आहे? दोन्ही बाजू विचारात घेऊन आपले मत १० ओळींत लिहा.